बालचित्रपटांतील संगणकीय ॲनिमेशनचा अतिरेक आणि स्मरणरंजनाची मर्यादा : शहापूर-मुरबाडच्या बालप्रेक्षकाच्या संदर्भात

प्रस्तावना

बालचित्रपटांविषयी मराठीत जी चर्चा होते तिचा सूर गेल्या काही वर्षांत ठरून गेल्यासारखा झाला आहे. पूर्वीचे बालचित्रपट साधे, निर्मळ आणि मनाला भिडणारे होते. आताचे संगणकाने गिळून टाकले, असा तो सूर होय. या विधानाचा उत्तरार्ध बऱ्याच अंशी खरा आहे. पूर्वार्ध मात्र तपासून घ्यावा लागतो. कारण ‘पूर्वी’ हा शब्द उच्चारणारा प्रेक्षक बहुधा मुंबई-पुण्याचा, लहानपणी घरात दूरचित्रवाणी संच असलेला आणि आज चाळिशी-पन्नाशीत पोहोचलेला असतो. ठाणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांतून हाच प्रश्न पाहू गेल्यास त्याचे स्वरूप पालटते.

शहापूर-मुरबाड हा सह्याद्रीच्या पायथ्याचा मुलूख. कुणबी-आगरी वस्तीच्या गावांलगत ठाकर, कातकरी, वारली, महादेव कोळी यांचे पाडे आहेत. मुंबईला पाणी पुरविणारे तानसा, भातसा आणि मोडकसागर हे जलाशय शहापूर तालुक्यात, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारे पाडेही त्याच तालुक्यात. चित्रपटाच्या बाबतीतही काहीसे असेच घडले. चित्रपटउद्योगाची राजधानी लोकलच्या अंतरावर असूनही येथील पाड्यांपर्यंत चित्रपट पोहोचला तो फार उशिरा आणि आडवाटेने : कधी जत्रेतून, कधी भाड्याने आणलेल्या व्हिडिओ संचावरून, पुढे डिश अँटेनामधून आणि अखेरीस मोबाइलच्या पडद्यावरून. चित्रपटगृहाची पायरी न चढता चित्रपटाचा प्रेक्षक झालेले मूल येथे अपवाद नाही.

गेल्या दशकभरात या मुलाच्या शाळेतही पडदा आला. शहापूर तालुक्यातील पाष्टेपाडा येथील जिल्हा परिषदेची शाळा राज्यातील आरंभीच्या डिजिटल शाळांपैकी एक म्हणून ओळखली जाते. तिच्यामागोमाग अनेक शाळांनी लोकवर्गणीतून प्रोजेक्टर, टॅब्लेट आणि दूरचित्रवाणी संच मिळविले. कविता, पाढे, जलचक्र हे सारे हलत्या रंगीत चित्रांतून शिकविले जाऊ लागले. त्यातून काही मुलांची शाळेतील रुची वाढली असेल तर ते स्वागतार्हच आहे. मात्र पडदा आला की त्यावर काय दाखवावयाचे हा प्रश्न येतो, आणि शनिवारी दुपारी पेन ड्राइव्हवरून लावल्या जाणाऱ्या चित्रपटाची निवड बहुतेक वेळा कोणी केलेलीच नसते. जे हाताशी असते ते लागते. हाताशी असते ते संगणकीय ॲनिमेशन.

ही निवड कोणत्या निकषावर करावी, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. चित्र हाताने काढले की यंत्राने, हा निकष पुरेसा नाही. चित्रपट पाहताना मुलाच्या वाट्याला स्वतःचे असे काही काम उरते की नाही, हे पाहावयास हवे. संगणकीय ॲनिमेशनच्या अतिरेकात हे काम नाहीसे होते. आणि स्मरणरंजन त्याच्याविरुद्ध तक्रार करीत असले तरी ते भलत्याच गोष्टीचा शोक करीत राहते.

स्मरणरंजन : संज्ञा आणि तिचा धनी

‘नॉस्टॅल्जिया’ ही संज्ञा मुळात वैद्यकातील. १६८८ मध्ये बाझल येथे योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात ती घडविली. घरी परतणे आणि वेदना अशा अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांचा तो सांधा होता आणि परमुलखात राहणाऱ्या स्विस तरुणांच्या व्याधीचे ते नाव होते. मराठीत रूढ झालेल्या ‘स्मरणरंजन’ या शब्दात घरही नाही आणि वेदनाही नाही. आहे ते रंजन. हा केवळ भाषांतराचा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही. बालचित्रपटांविषयीच्या आपल्या हळहळीत वेदनेपेक्षा रंजनाचा अंश अधिक आहे, हे या शब्दाने नकळत सांगून टाकले आहे.

स्वेतलाना बॉइम यांनी २००१ च्या आपल्या ग्रंथात स्मरणरंजनाचे दोन प्रकार मानले : गेलेले जसेच्या तसे पुन्हा उभारू पाहणारे एक, आणि ते गेले आहे हे मान्य करून त्या अंतराचा विचार करणारे दुसरे. आपल्याकडील चर्चा बहुतांशी पहिल्या प्रकारात मोडते. तिच्या केंद्रस्थानी दूरदर्शन आहे. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. विजया मुळे यांनी फिल्म्स डिव्हिजनसाठी १९७४ मध्ये केलेला, भीमसेन यांच्या रेखाटनांचा ‘एक अनेक और एकता’ हा लघुपट पुढे कित्येक वर्षे दूरदर्शनवर दिसत राहिला आणि एका पिढीच्या बालपणाचे जणू बोधचिन्ह बनला. त्याची योग्यता वादातीत आहे. साध्या रेषा, मोजके रंग, आणि दोन रेखाटनांमधील अवकाश भरून काढण्याची प्रेक्षक मुलाला दिलेली मुभा हे त्याचे गुण आजही जाणवतात.

परंतु त्या पिढीत शहापूर-मुरबाडचे पाडे नव्हते. ज्या वस्तीवर वीजच पोहोचली नव्हती तेथे दूरदर्शनचे स्मरण कोठून येणार? आज पाचवी-सहावीत असलेल्या कातकरी किंवा ठाकर मुलाच्या आईवडिलांना ‘आमच्या वेळची कार्टून’ असे म्हणण्याची सोय नाही. संगणकीय ॲनिमेशनने त्यांच्यापासून हाताने काढलेले चित्र हिरावून घेतले असे म्हणता येत नाही, कारण ते त्यांच्याकडे आलेच नव्हते. थोडक्यात, ज्याला ‘आपले’ हरवलेले बालपण म्हटले जाते ते महाराष्ट्राच्या एका विशिष्ट थराचे बालपण आहे. त्याची हळहळ खरी असेल. तिच्यावरून सर्व मुलांसाठी निकष काढणे मात्र गैर आहे.

दूरदर्शनइतकेच आजीच्या गोष्टीचे स्मरणही लाडके आहे. मुरबाड तालुक्यातील फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी उलटलेल्या, काही तर त्याहून कितीतरी वयस्क अशा स्त्रिया गुलाबी नऊवारी नेसून, पाटी-दप्तर घेऊन अक्षरे गिरवू लागल्या. शिकविणारी गावचीच सून. वृत्तपत्रांनी या शाळेचे कौतुक केले ते बहुशः गोड चित्र म्हणून. त्या चित्राचा दुसरा अर्थ असा की, शहरी स्मरणरंजनात जी आजी गोष्टींचा अक्षय साठा म्हणून मिरविली जाते, तिला स्वतःला या तालुक्यात सही करता येण्यासाठी सत्तरीची वाट पाहावी लागली. गोष्टी तिच्याकडे होत्याच. परंतु ‘ते दिवस परत यावेत’ असे तिने का म्हणावे?

युक्तीचा इतिहास

संगणकीय ॲनिमेशनवर घेतला जाणारा दुसरा आक्षेप असा की, ते ‘खोटे’ आहे. चित्रपटाचा इतिहास या आक्षेपाच्या बाजूने उभा राहत नाही, निदान मराठी मुलखात तरी नाही. शहापूरहून कसारा घाट चढून वर गेले की नाशिक येते. तेथे दादासाहेब फाळके यांनी आपले बरेचसे चित्रपट केले. फाळके हे युक्तिचित्रणाचे वेडे होते. कुंडीतील रोप उगवून वाढताना दाखविणारा लघुपट त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्याही आधी केला होता. १९१५ मधील ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटात त्यांनी काड्यापेटीतील काड्या एकेक चौकट हलवून नाचविल्या. भारतातील ॲनिमेशनचा आरंभ असा घरातल्या काड्यांपासून झाला.

१९१९ चा ‘कालियामर्दन’ या दृष्टीने फार बोलका आहे. कृष्णाची भूमिका फाळके यांची लहान मुलगी मंदाकिनी हिने केली. चित्रपटाच्या आरंभी कथा सुरू होण्यापूर्वी ही मुलगी कॅमेऱ्यासमोर वेगवेगळे भाव चेहऱ्यावर आणून दाखविते. म्हणजे प्रेक्षकाला प्रथम सांगितले जाते, ही एक मुलगी आहे आणि ती आता कृष्ण होणार आहे. मग डोह येतो, नाग येतो, पाण्यातील झुंज येते. नाग बनावट आहे हे कोणालाही दिसते. तरीही झुंज रंगते, कारण नागाला जिवंत करण्याचे उरलेले काम प्रेक्षकाने करावयाचे असते. युक्ती आणि मुलाचा चेहरा या दोहोंत कोण मोठे, याविषयी फाळके यांच्या मनात संभ्रम नव्हता.

पुढील टप्पे थोडक्यात सांगता येतील. १९३४ मध्ये प्रभात फिल्म कंपनीने ‘जंबूकाका’ हा व्यंगपट काढला. फिल्म्स डिव्हिजनमध्ये १९५० च्या दशकात व्यंगपट विभाग उभा राहिला. डिस्नेकडे काम केलेले क्लेअर वीक्स यांच्या मार्गदर्शनाखाली तेथील कलावंतांनी जातककथेवर ‘द बनियन डिअर’ (१९५७) केला. राम मोहन यांच्यासारखे कलावंत याच विभागातून पुढे आले. १९५५ मध्ये बालचित्र समितीची स्थापना झाली. या सर्वांची नोंद घेऊनही एक वस्तुस्थिती उरते : मराठीत मुलांसाठी सलग ॲनिमेशनपटांची परंपरा निर्माण झाली नाही. जी परंपरा मोडली असे आज म्हटले जाते ती बव्हंशी हिंदीची, फिल्म्स डिव्हिजनची आणि परदेशी मालिकांची होती.

मराठी मुलांच्या मनात युक्तीची खरी जागा घेतली ती एका बाहुल्याने. महेश कोठारे हे स्वतः ‘छोटा जवान’ (१९६३) मधील बालनट. त्यांच्या ‘झपाटलेला’ (१९९३) या चित्रपटातील तात्या विंचू हा बोलका बाहुला शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी घडविला आणि चालविला. हा चित्रपट काटेकोर अर्थाने बालचित्रपट नव्हे. पण त्याला घाबरलेली मुले महाराष्ट्रभर होती. बाहुल्याची मान झटक्याने वळते, जबडा वरखाली होतो, पापण्या मिटतात, एवढ्याच त्याच्या हालचाली. भीती त्या हालचालींच्या तुटकपणातून येते. २०१३ मध्ये ‘झपाटलेला २’ आला तो मराठीतील पहिला त्रिमिती चित्रपट म्हणून. बाहुला तोच होता. जाहिरातीचा भर मात्र तो पडद्याबाहेर अंगावर येण्यावर होता. वीस वर्षांत भीतीची जागा प्रेक्षकाच्या मनातून चष्म्याच्या काचेवर सरकली.

मोगलीचे अरण्य

संगणकीय ॲनिमेशन आणि स्मरणरंजन हे परस्परविरोधी आहेत अशी सार्वत्रिक समजूत आहे. वास्तविक ते पहिल्यापासून एकमेकांच्या आधाराने वाढले. संपूर्ण संगणकावर तयार झालेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट ‘टॉय स्टोरी’ (१९९५). त्याचा नायक एक जुन्या धाटणीचा, पाठीतील दोरी ओढली की बोलणारा बाहुला आहे, आणि नव्या चकचकीत खेळण्यामुळे आपण टाकून दिले जाऊ या भीतीने तो ग्रासलेला आहे. नव्या तंत्राने आपल्या पहिल्याच कृतीत जुन्यासाठी गळा काढला. चित्रपट उत्तम आहे हे मान्य करूनही यातील व्यापारी चातुर्य नजरेआड करता येत नाही.

भारतीय प्रेक्षकापुरते याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे २०१६ चा ‘द जंगल बुक’. रडयार्ड किपलिंग यांचा जन्म १८६५ मध्ये मुंबईत झाला. १८९४ च्या त्यांच्या पुस्तकातील अरण्य मध्य भारतातील सिवनीच्या टेकड्यांचे. जॉन फाव्रो दिग्दर्शित या चित्रपटात मोगलीची भूमिका करणारा नील सेठी हा मुलगा प्रत्यक्षातला. भोवतीचे प्राणी आणि जवळजवळ सारे अरण्य संगणकावर घडविलेले. हे अरण्य लॉस एंजलिसच्या मध्यवस्तीतील एका स्टुडिओत चित्रित झाले आणि श्रेयनामावलीच्या शेवटी तसा मिश्कील उल्लेखही आहे. दृश्य परिणामांसाठी त्याला ऑस्कर मिळाले. भारतात तो अमेरिकेच्या एक आठवडा आधी, ८ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला आणि तोवरच्या हॉलिवूडपटांत येथे सर्वाधिक उत्पन्न मिळविणारा ठरला.

या यशात स्मरणरंजनाचा वाटा मोठा होता. दूरदर्शनवर १९९० च्या दशकाच्या आरंभी मोगलीची जपानी ॲनिमेशन मालिका हिंदीत दाखविली गेली होती. गुलजार आणि विशाल भारद्वाज यांचे तिचे शीर्षकगीत शहरी मध्यमवर्गाच्या ओठांवर होते. २०१६ मध्ये चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी तेच गीत नव्याने ध्वनिमुद्रित करण्यात आले आणि शेरखानला पुन्हा नाना पाटेकर यांचाच आवाज देण्यात आला. आईबाप आपल्या आठवणीच्या ओढीने मुलांना घेऊन चित्रपटगृहात आले. तिकीट मुलाचे काढले. चित्रपट खपला तो बापाच्या बालपणाच्या जोरावर. चित्रपट परीक्षण मंडळाने मात्र त्रिमितीतील भीतिदायक दृश्यांचे कारण देऊन त्यास पालकांच्या मार्गदर्शनाची अट असलेले ‘यू/ए’ प्रमाणपत्र दिले. मंडळाच्या या निर्णयाची त्या वेळी चेष्टा झाली. प्रेक्षक मूल आहे आणि दृश्य त्याच्या अंगावर सोडले जात आहे एवढे तरी त्या निर्णयात कोणी लक्षात घेतले होते, हे त्या चेष्टेत हरवले.

आता हेच अरण्य तानसा अभयारण्याच्या कडेला किंवा माळशेजच्या पायथ्याशी राहणाऱ्या मुलाच्या डोळ्यांनी पाहावे. या मुलाला साग, ऐन, मोह, पळस वेगळे ओळखता येतात. पावसाळ्यात कोणती रानभाजी कोठे उगवते, आणि बिबट्या वस्तीजवळ आला की कुत्री कशी भुंकतात, हे त्याला शाळेने शिकविलेले नसते. पडद्यावरील अरण्यात अतोनात तपशील आहे : प्रत्येक केस, पानावरील प्रत्येक थेंब. पण त्या तपशिलात त्याच्या ज्ञानाला कोठेही शिरकाव नाही. फाळके यांचा नाग अपुरा होता म्हणून प्रेक्षकाला काही पुरविता येत होते; या वाघात पुरविण्यासारखे काही उरलेलेच नाही. चित्रीकरणात नील सेठीच्या समोर जिम हेन्सन यांच्या कार्यशाळेतील बाहुल्या धरल्या जात, म्हणजे त्याला कोणाकडे तरी पाहून बोलता यावे. पडद्यावर येण्यापूर्वी त्या बाहुल्या पुसून टाकण्यात आल्या. नटमुलाला जी सवलत दिली ती प्रेक्षकमुलाला नाकारली, असे याचे वर्णन करता येईल.

अरण्यात राहणाऱ्या मुलाची गोष्ट अरण्यात राहणाऱ्या मुलालाच परकी व्हावी, ही यातील खरी हानी आहे. शाळेतील पडद्यावर दिसते ते ‘खरे जंगल’ आणि घरामागे आहे ते नुसते रान, अशी प्रतवारी मुलाच्या मनात अगदी सहज तयार होते. भाषेच्या बाबतीत तो हे आधीच शिकलेला असतो : पुस्तकातली मराठी खरी, घरातली बोली अशुद्ध. पडदा तीच प्रतवारी डोळ्यांपुरती पुढे नेतो.

अतिरेक कशास म्हणावे?

सर्वच संगणकीय ॲनिमेशन एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. ‘तारे जमीन पर’ (२००७) मध्ये गणिताच्या परीक्षेत बसलेल्या ईशानच्या मनातील ग्रहगोलांची धडक ॲनिमेशनमधून दाखविली आहे. मुलाच्या डोक्यात कॅमेरा शिरू शकत नाही, तेथे चित्र शिरते. ते संपताच आपण पुन्हा कोऱ्या उत्तरपत्रिकेपाशी येतो. येथे ॲनिमेशनला काम आहे आणि काम संपल्यावर ते थांबते.

अतिरेक तेव्हा होतो जेव्हा चेहरा, जागा किंवा शांतता जे काम करू शकली असती ते काम ॲनिमेशन करू लागते. याचे मूळ कलावंतांच्या अभिरुचीइतकेच उत्पादनाच्या पद्धतीत आहे. हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये सेकंदाला चोवीस चौकटी. एकेक रेखाटन दोन चौकटींपुरते धरले तरी बारा चित्रे काढावी लागत. प्रत्येक हालचालीला श्रम पडत, त्यामुळे कोणती हालचाल आवश्यक आहे याचा विचार आधी करावा लागे. पात्र स्थिर उभे राही. एखादी भुवई हले. संगणकावर पात्राची प्रतिकृती आणि तिचा सांगाडा एकदा तयार झाला की तीच धाव, तीच उडी, तोच स्फोट पुनःपुन्हा वापरता येतो. उसंत घेण्यास कारण उरत नाही. स्वस्त दूरचित्रवाणी मालिकांमध्ये याचा परिणाम अधिक दिसतो : गाव कोणतेही असो, वाडा एकच, राक्षस कोणताही असो, धूर एकच.

हिंदी पौराणिक ॲनिमेशनपटांच्या प्रवासात हे स्पष्ट होते. व्ही. जी. सामंत यांचा ‘हनुमान’ (२००५) द्विमिती होता आणि त्याला प्रेक्षकांनी उचलून धरले. त्यानंतर ‘बाल गणेश’ (२००७) पासून त्रिमिती संगणकीय बालदेवतांची रांग लागली. २००८ मध्ये दूरचित्रवाणीवर आलेला ‘छोटा भीम’ द्विमितीच होता; आणि त्याचा लाडू, त्याचे ढोलकपूर ग्रामीण मुलांनीही आपलेसे केले हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. २०१२ मध्ये त्याच्या दम्यानच्या कथेवर चित्रपट निघाला. २०२४ मध्ये तीच कथा प्रत्यक्षातील बालनट घेऊन, संगणकाने घडविलेल्या परिसरात पुन्हा सादर झाली. बारा वर्षांपूर्वी ती पाहिलेली मुले आता तरुण झाली होती आणि चित्रपटाची हाक त्यांच्या आठवणीलाही होती. स्मरणरंजनाचे वर्तुळ आता एका तपाएवढे लहान झाले आहे.

उलट दिशेनेही हेच चालते. युगो साको आणि राम मोहन यांचा हाताने रेखाटलेला ‘रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स राम’ जानेवारी २०२५ मध्ये उजळून पुन्हा चित्रपटगृहांत आला. ‘श्यामची आई’ १९५३ मध्ये आचार्य अत्रे यांनी केला तो कृष्णधवल. त्या वेळी तसेच करणे स्वाभाविक होते. २०२३ मध्ये सुजय डहाके यांनी पुन्हा ‘श्यामची आई’ केला आणि तोही कृष्णधवल ठेवला. चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्यामागील परिश्रमही दिसतात. तथापि १९५३ मधील कृष्णधवल ही परिस्थिती होती, २०२३ मधील कृष्णधवल हा परिणाम आहे. प्रौढाला त्यातून काळ जाणवतो. मोबाइलच्या रंगीत पडद्यावर वाढलेल्या मुलाला त्यातून काय जाणवते, हा प्रश्न विचारला गेला पाहिजे.

घाटापलीकडील बैल

मुरबाडहून माळशेज घाट चढला की जुन्नर. तेथील मंगेश हाडवळे यांनी त्याच परिसरात ‘टिंग्या’ (२००८) केला. टिंग्याचा बैल चितंग्या जायबंदी होतो, बाप त्याला खाटकाला विकू पाहतो, मुलगा अडवितो. शेजारची म्हातारी आजारी पडली तर तिच्यावर उपचार होतात, मग बैलाला का विकायचे, हा टिंग्याचा प्रश्न कोणत्याही पौराणिक राक्षसाहून प्रौढांना अडचणीत टाकणारा आहे. चित्रपटात बैल बैलच आहे. तो बोलत नाही, हसत नाही, माणसासारख्या भुवया उंचावीत नाही. त्याच्या मनात काय चालले असेल हे टिंग्याने, आणि टिंग्याबरोबर प्रेक्षकाने, ठरवावयाचे आहे. भूमिकेसाठी शरद गोयेकर या ग्रामीण मुलास सर्वोत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे पौष पौर्णिमेला भरणारी यात्रा गुरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. ज्या मुलाने तेथे बैलाचा दात पाहून वय सांगणारा माणूस पाहिला आहे, आपल्या घरचा बैल दोरीसह दुसऱ्याच्या हाती जाताना पाहिला आहे, त्याला ‘टिंग्या’ समजावून सांगावा लागत नाही. तेथे त्याचे ज्ञान कामाला येते. शहरी प्रेक्षकाहून तो येथे अधिक जाणता प्रेक्षक ठरतो.

मात्र ‘टिंग्या’, ‘एलिझाबेथ एकादशी’ (२०१४), ‘नाळ’ (२०१८) यांची नावे घेऊन समाधान मानणे हेही एक प्रकारचे स्मरणरंजनच होईल. हे चित्रपट पुरस्कार मिळवितात, महाविद्यालयीन परिसंवादांत चर्चिले जातात, आणि ज्यांच्याविषयी ते आहेत त्या मुलांपर्यंत क्वचितच जातात. ‘नाळ भाग २’ ला २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला; पण पुरस्कार म्हणजे वितरण नव्हे. शाळांपर्यंत बालचित्रपट नेणे हे ज्या बालचित्र समितीचे एक काम होते ती समिती २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. जत्रांतील तंबूचे फिरते चित्रपटगृहही आटत गेले. त्यावरील ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ (२०१६) या माहितीपटाचा कान महोत्सवात गौरव झाला. तंबू गेल्याची हळहळ कानपर्यंत पोहोचली. तंबूतील बाकी जागा भरून कशाने काढायची याचा विचार तालुक्याच्या पातळीवरच करावा लागणार आहे, आणि तो अध्यापक विद्यालये, महाविद्यालयांचे मराठी विभाग, राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे यांच्या आवाक्यातील आहे. सात दिवसांच्या निवासी शिबिरात एका संध्याकाळी एक चित्रपट दाखवून मुलांना बोलते करणे यास मोठा निधी लागत नाही. मुले बोलतील ती ठाकरी, कातकरी किंवा वारली बोलीत बोलतील, हे गृहीत धरून ऐकणारा कोणी मात्र हवा.

या संदर्भात ‘कालियामर्दन’कडे पुन्हा वळावेसे वाटते. तो मूकपट आहे आणि त्याचा बराच भाग आज उपलब्ध आहे. त्यात मुलाच्या बोलीहून वेगळी भाषा बोलणारे कोणी नाही. मधल्या पाट्या शिक्षकाने वाचून दाखवाव्यात, आवाज मुलांनी द्यावेत. नाग बनावट आहे हे मुले पहिल्या मिनिटाला ओळखतील आणि हसतील. शहापूरच्या उत्तरेस लागून असलेल्या मोखाडा-जव्हार भागात बोहाड्याच्या रात्री मुखवटे घालून सोंगे निघतात. राक्षसाच्या मुखवट्याआड आपल्याच पाड्यावरचा माणूस आहे हे तेथील मुलाला ठाऊक असते. कधी त्याच्या पायांवरून, कधी चालीवरून ते त्याने ओळखलेले असते. संबळ वाजू लागतो, सोंग मशालीच्या उजेडात पुढे येते, आणि ते मूल तरीही दोन पावले मागे सरकते.